परसातली शोभा

कुंभकोणमला फूल हातानं मोजतात. फूलवाली सरीचं एक टोक कोपरापाशी धरते, दुसरं मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणते. झाला एक मुळम. किलो, ग्रॅम, फूट, इंच यांना इथल्या फुलांच्या गल्लीत कोणी विचारत नाही. साहजिकच घासाघीस भावावरून कमी आणि हातावरून जास्त होते. आखूड हाताच्या बाईकडे गिऱ्हाईक जरा बिचकूनच जातं. आमच्या घरमालकीण मामी तर सरळ आपला हात पुढे करतात आणि ‘याच्यावर मोज’ म्हणतात. फूलवाली हसते, स्वतःच्याच हातानं मोजते आणि शेवटी चार बोटं जास्त सोडते. त्या चार बोटांसाठीच हा सगळा खेळ चाललेला असतो, हे दोघींनाही ठाऊक असतं.

मोगरा, अबोली, दवणा, मधेच गुलाबी कण्हेर असा तंजावरकडचा मिश्र गजरा ‘कदंबम’ म्हणून सगळ्या तमिळ मुलखात नावाजलेला आहे. केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यानं दोन बोटांत अशा झपाट्यानं गाठी मारतात की बघणाऱ्याला गाठ दिसतच नाही, फक्त सर लांब होत जाते. या गावात प्रत्येक फुलाला नोकरी आहे. कोणी केसांत, कोणी देवाच्या गळ्यात, कोणी लग्नाच्या मांडवात, कोणी निव्वळ उंबऱ्यावर. बेकार फूल गावाला माहीत नाही. अशा गावात ‘शोभेची’ म्हणून झाडं लावायचं मी मनात आणलं, तेव्हा मामींनी पहिला प्रश्न विचारला तो रास्तच होता. शोभा कोणाला दाखवायची आहे?

प्रश्नाचं मूळ घराच्या बांधणीत आहे. घर जुन्या अग्रहारातलं. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा; मग आगगाडीच्या डब्यांना लाजवील इतकं लांब घर, मधे उघडा चौक, आणि पार मागे कोल्लै, म्हणजे परस. तिथं विहीर, धुण्याचा दगड, दोन नारळ, सांडपाण्यावर माजलेली केळ. पुढे मातीच नाही आणि मागे माणूसच नाही. बागकामाच्या पुस्तकांतलं ‘दर्शनी भागात रंगीत झाडे लावावीत’ हे वाक्य इथं बाद होतं, कारण घराला दर्शनी भाग आहे तो तिण्णैसमोरच्या हातभर रस्त्याचा, आणि त्यावर कोलमचा हक्क आहे. पहाटे सडा, वर तांदळाच्या पिठाचं कोलम, नऊपर्यंत मुंग्यांनी आणि सायकलींनी पुसून टाकलेलं. उद्या पुन्हा नवं. एवढी सोय असताना शोभेला मुळं फुटू द्यायची कशाला, असा मामींचा सवाल.

मामींचं घराणं व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी मांडली त्या काळात मराठी मुलखातून इकडे आलेलं. गल्लीत त्यांच्या घराला अजून ‘रायर वीडु’ म्हणतात. त्यांचं मराठी तंजावरचं. मी इथं त्यांची वाक्यं माझ्या मराठीत लिहिते आहे, कारण त्यांच्या बोलण्याचा हेल कागदावर उतरवणं माझ्या आवाक्यातलं नाही. बागेचा विषय निघाला की त्या राजा सर टी. माधवरावांना साक्षीला बोलावतात. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, याच तंजावरी मराठी समाजात. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. बडोद्याची कमाठी बाग झाली १८७९ मध्ये. बाग सयाजीरावांच्या नावावर आहे आणि ते योग्यच आहे, पण सयाजीराव तेव्हा अज्ञान होते आणि कारभार माधवरावांच्या हाती होता, एवढं मामींना पुरतं. ‘आमच्या गावच्या माणसानं हौसेची बाग केली ती बडोद्याला,’ त्या म्हणतात. ‘इथं केळ आहे तेवढी पुरे.’

तरीही मी मका लावला. साधा नव्हे, शोभेचा. ‘ग्लास जेम’ या नावानं त्याचं बी मिळतं आणि त्याचा फोटो एकदा पाहिला की माणूस बिघडतो. एकाच कणसावर जांभळे, निळे, गुलाबी, मधाळ, हिरवट दाणे, आणि प्रत्येक दाण्याला काचमण्याची चमक. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात कार्ल बार्न्स नावाचे एक शेतकरी होते, अर्धे चेरोकी वंशाचे. आपल्या पूर्वजांच्या मक्याचे जुने वाण ते शोधत राहिले आणि रंगीत दाणे निवडनिवडून पेरत राहिले. त्यातून हा मका निघाला. २०१२ साली त्याचा फोटो इंटरनेटवर जगभर फिरला आणि ज्यांनी आयुष्यात मेथीसुद्धा पेरली नव्हती अशा लोकांनी बी मागवलं. अमेरिकेत असली कणसं पानांसकट बांधून हिवाळ्याच्या तोंडावर दारावर टांगतात. तिकडच्या आपल्या मंडळींच्या दारावरही ती दिसतात. दिवाळीचा कंदील एका बाजूला आणि हे कणीस दुसऱ्या.

धान्य शोभेला लावायचं, हे मामींना पटेना. कावेरीच्या खोऱ्यात, जिथं मेट्टूर धरणाचं पाणी बारा जूनला सुटलं की नाही यावर सगळ्या जिल्ह्याचा जीव खालीवर होतो, तिथं पिकाकडे नुसतं बघायचं? ‘भात कोणी बघायला लावतं का?’ त्यांनी विचारलं. मी कोकणातलं नव्याचं तोरण सांगितलं. नवं भात आलं की लोंब्या, आंब्याची पानं आणि फुलं एकत्र बांधून दाराला लावतात, ते धान्य कोणी खात नाही, वर्षभर तसंच राहतं. मामी जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, ‘पण ते आधी पिकवतात खायला. बांधतात त्यातलं मूठभर.’ यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

नारळ उतरवायला येणारा माणूस याहून सरळ. त्यानं झाडावरूनच कोल्लै न्याहाळली आणि खाली आल्यावर विचारलं, कोंबड्या कुठं आहेत? त्याचंही बरोबर. कोळ्ळिडम नदी ओलांडून उत्तरेला गेलं की अरियलूर, पेरंबलूर. तो सगळा मक्याचा मुलूख, आणि तामिळनाडूतल्या मक्याची वाट बव्हंशी नामक्कलच्या पोल्ट्रीकडे जाते. त्याच्या लेखी मका म्हणजे कोंबडीचं खाणं. कोंबडीवाचून मका म्हणजे घोड्यावाचून टांगा.

मका या भागात शोभेला नव्हताच असं मात्र म्हणता येणार नाही. याच कावेरीच्या वरच्या अंगाला, कर्नाटकात, सोमनाथपूरचं केशव मंदिर आहे. होयसळांच्या काळातलं, १२५८ सालचं. तिथल्या दगडी मूर्तींच्या हातांत एक लांबट, दाणेदार वस्तू कोरलेली आहे. १९८९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी जाहीर केलं की हे मक्याचं कणीस आहे. ओळी आहेत, दाणे आहेत, खाली सोलून मागे सारलेली पानंही आहेत. आता मका मूळचा मेक्सिकोचा, आणि कोलंबस निघाला १४९२ ला. म्हणजे हिशोबात अडीचशे वर्षं कमी पडतात. मोठी धमाल उडाली. १९९३ मध्ये आपल्याकडच्या दोन मका-तज्ज्ञांनी उत्तर दिलं की हा मका नव्हे, हे मुक्ताफळ, मोत्यांनी भरलेलं काल्पनिक फळ, शिल्पकाराच्या मनातलं. मला दुसरी बाजू पटते. पोर्तुगीज येईपर्यंत आपल्या कुठल्या शेतात, कुठल्या ग्रंथात मक्याचा नीटसा पत्ता नाही, मग तो एकट्या दगडातच कसा उगवेल? पण वादात कोणीही जिंको, कणीस शोभेचंच ठरतं. मोत्याच्या दाण्यांचं कणीस हातात धरून देवता साडेसातशे वर्षं उभी आहे आणि कोणी तिला कोंबड्यांबद्दल विचारलेलं नाही.

पोंगल उरकला, पाऊस गेला, तेव्हा मी केळीच्या पलीकडे चौकोनी वाफा करून मका टोकला. चौकोनी, कारण मक्याला एकटं राहता येत नाही. वर तुरा येतो तो नर. मधे पानाच्या बेचक्यात कणीस धरतं ती मादी. आणि कणसाच्या टोकातून जे रेशमी केस बाहेर येतात त्यातला एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्याचा पराग वाऱ्यानं त्या केसावर पडला, केसातून आत उतरला, तर तो दाणा भरतो. केस सुटला तर दाणा रिकामा. शेजारच्या मुलीनं माझं पाहून गच्चीवर कुंडीत दोनच रोपं लावली होती. तिच्या कणसाचं सोलल्यावर बोळकं निघालं. पुढे दोन दात, मागे तीन, बाकी हिरड्या. एका ओळीत दूरदूर लावलेल्या मक्याचंही हेच होतं, पराग वाऱ्यावर बाजूनं निघून जातो. त्यामुळे चार-पाच ओळींचा दाट चौकोन. म्हणजे ज्याला आपण बागेतलं झाड म्हणून आणलं त्याला पहिल्याच दिवशी शेत लागतं.

कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजल्या तर त्या नेहमी सम भरतात. बारा, चौदा, सोळा, तेरा नाही. दाण्याची फुलं मुळातच जोडीजोडीनं धरतात म्हणून. सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवर, श्रीनिवास रामानुजन जिथं वाढले ते घर आमच्यापासून लांब नाही, आणि या गावात राहून कणसाच्या ओळी न मोजणं बरं दिसत नाही.

रंगांचं गणित मात्र मोजणीत बसत नाही. आंब्याच्या झाडावर शेजारच्या आंब्याचा पराग पडला तर फळ काही बदलत नाही. बदल व्हायचा तो कोयीतून उगवणाऱ्या झाडात. मक्यात बापाचा रंग त्याच दाण्यावर, त्याच हंगामात उमटतो, कारण परागातला एक अंश दाण्याच्या पिठूळ भागातही मिसळतो. अर्धा किलोमीटरवर कोणी पिवळा मका लावला असेल आणि दोन्ही एकाच वेळी तुऱ्यावर असतील तर तुमच्या पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसू शकतात. लपवाछपवी नाही. आणि काही दाण्यांवर नुसते शिंतोडे असतात, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. हे ठिपके बार्बरा मॅक्लिंटॉक या बाई न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला वर्षानुवर्षं न्याहाळत होत्या. रंगाचा जनुक जागच्या जागी असतो आणि दुसरा एक तुकडा उडी मारून त्याच्यात घुसला की रंग बंद पडतो. तो तुकडा तिथून निघाला की रंग परत येतो, दाणा वाढत असताना जिथं निघाला तिथं ठिपका. जनुकं जागा बदलतात, हे त्यांनी १९४०च्या दशकात मक्यावरून ताडलं; ऐकणाऱ्यांना पटायला पुढची कित्येक वर्षं गेली. १९८३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा बाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि तो पुरस्कार त्यांना एकटीला मिळाला. शोभेच्या मक्यानं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याला बाग लागली नाही.

बागेत काय दिसतं, ते आता सांगते. दिसतो मका. हिरवा, माणसाच्या उंचीचा, कुठल्याही शेतात असतो तसा. त्याची सगळी रत्नं सालपटांच्या सात थरांच्या आत, आणि ती पाहायची तर झाड वाळेपर्यंत थांबायचं. शोभेचा मका शोभतो तो मेल्यावर, सोलल्यावर. त्यातही आधी पोपट. सारंगपाणी मंदिराच्या गोपुरात त्यांची वस्ती आहे आणि कणीस दुधात आलं ही बातमी त्यांना माझ्याआधी लागली. खारी होत्याच. शेवटी मामींनी कपाटातून मंजप्पै काढून दिल्या, लग्नामुंजीत तांबूल घालून मिळालेल्या पिवळ्या कापडी पिशव्या. प्लास्टिकऐवजी या वापरा म्हणून तामिळनाडू सरकारनं २०२१च्या अखेरीला मोहीमही काढली होती. प्रत्येक कणसाला एक पिशवी, वर नाडी आवळलेली. चौकोनी वाफ्यात वीस-पंचवीस झाडं आणि प्रत्येकाच्या कमरेला पिवळी पिशवी, त्यावर कुठल्या तरी वधूवरांची नावं. त्या हंगामात कोल्लैत जी काही शोभा होती ती या पिशव्यांची.

लिलीचं सांगायचं राहिलंच, आणि तिच्या बाबतीत नेहमी असंच होतं.

स्पायडर लिली मी लावलेली नाही. ती धुण्याच्या दगडापाशी आधीपासून आहे. मामींच्या सासूबाईंनी कुठून तरी कांदा आणून टाकला होता म्हणतात. गर्द हिरवी, पट्ट्यांच्या आकाराची पानं, कमरेएवढा गठ्ठा. साबणाचं पाणी जातं, बादल्या आपटतात, गाय भिंतीवरून मान घालून मक्याची पानं ओरबाडते, हिला हुंगतसुद्धा नाही. कांद्यात आणि पानांत लायकोरिन नावाचं विष आहे, खाल्लं तर उलट्या. मामी तिला नावानं हाक मारत नाहीत. ‘दगडापाशी वाढलेलं ते’ एवढीच तिची ओळख.

तिचं फूल पाहायचं तर दिवेलागणीला मागे जाऊन उभं राहावं लागतं. जाड, चपट्या दांड्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका असतो. लांब नळीवर हिरवट पांढरी टोकदार कळी. उजेड कमी झाला की तिचं टोक सुटतं आणि सहा अरुंद पाकळ्या एकेक करून मागे वळायला लागतात. मागे वळून वळून त्या खाली लोंबतात, आणि मधे उरतो तो एक पातळ, पांढरा, पारदर्शक पेला. पुंकेसर त्या पेल्याच्या काठावरून उगवतात, सहाच, आणि प्रत्येकाच्या टोकाला केशरी परागाची आडवी काडी, एका बिंदूवर तोललेली, श्वासानंसुद्धा हलणारी. वास व्हॅनिलाच्या अंगाचा, लांबून चांगला, जवळून जरा उग्र. हा सगळा थाट लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी आहे. इतक्या खोल नळीच्या तळाशी मध प्यायला तेच पोचतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मलूल. संध्याकाळी शेजारची कळी. शोभा कोणाला दाखवायची, हा मामींचा प्रश्न तिनं आपल्यापुरता सोडवलेला आहे, आणि त्या उत्तरात आम्ही नाही.

हिला गजऱ्यात का घेत नाहीत, मी विचारलं. फूलवालीनं फूल हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. उमललेली लिली दोऱ्यात टिकत नाही, पाकळ्या लोंबतात, तासाभरात चेहरा जातो. आणि म्हणे कोणी मागतही नाही. गंमत अशी की हीच लिली मुंबईत रोजगाराला आहे. दादरच्या फूलबाजारात ‘लिली’ म्हणून ज्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात त्या हिच्याच. वसई-पालघरकडे आणि दक्षिण गुजरातेत नवसारीकडे तिची शेती आहे. कळ्या पूर्ण वाढल्या पण उमलल्या नाहीत अशा वेळी खुडायच्या, मोजून जुड्या बांधायच्या आणि बाजारात पाठवायच्या. हारात त्या सरळ, ताठ, पांढऱ्या दिसतात. मोटारींना, सत्कारांना, देवाला चालतात. म्हणजे तिला नोकरी मिळते ती कधीच न फुलण्याच्या अटीवर. कुंभकोणमला ती बेकार आहे आणि रोज संध्याकाळी फुलते.

हिची लाल चुलतबहीण जपानात आहे, लायकोरिस. शरद ऋतूत, रात्र आणि दिवस समान होतात त्या सुमारास फुलते. तिकडच्या शेतकऱ्यांनी ती भातखाचरांच्या बांधांवर मुद्दाम लावली, विषारी कांद्याजवळ उंदीर-घुशी बांध पोखरत नाहीत म्हणून. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, उंदरांनी तर हा आमचा तंजावर जिल्हाही पोखरलाय! पण इथल्या लोकांनी उंदरासाठी वेगळी विद्या काढली. बांबू वाकवून केलेला धनुष्याच्या तत्त्वाचा सापळा असतो, तंजावरी सापळा म्हणूनच तो कृषीच्या पुस्तकांत ओळखला जातो. बांधावर शेकड्यांनी लावतात. लिली परसात राहिली. आपल्या कोकणात तिची आणखी एक नातलग रानात आहे, गडांबी कांदा. पहिल्या पावसाच्या सुमारास गुलाबी पट्ट्यांची पांढरी घंटाफुलं घेऊन जमिनीतून वर येते आणि कोणी तिला कुंडीत घालायला जात नाही, हे तिचं नशीब.

पण झाडं तोलायची तर माणसांच्या मतांनी तोलून भागत नाही, पाणी आणि किडे काय म्हणतात तेही पाहावं लागतं. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षात महाराष्ट्र, तामिळनाडू दोन्हीकडे पसरली. मका शोभेचा की कोंबड्यांचा, ती विचारत नाही. पोंग्यात शिरते, आत बसून खाते, आणि पान उलगडतं तेव्हा त्यावर भोकांची सरळ रांग असते, पोंग्यात ओला भुसा. शेतकरी पोंग्यात माती किंवा राख टाकतात, मीही टाकली. काही झाडं वाचली. लिलीलाही तिची अळी आहे. काळी, अंगभर पांढरे ठिपके आणि मधेमधे तांबड्या टिकल्या, विलक्षण देखणी. विष पचवते आणि म्हणून पक्षी तिला टाळतात. झुंडीनं येते, दोन रात्रींत पानं जमिनीपर्यंत साफ करते. मामी तिकडे बघतही नाहीत. कांदा जमिनीत असतो, पंधरवड्यात नवी पानं.

आणि पाणी. इथला खरा पाऊस ऐप्पसी-कार्तिक या तमिळ महिन्यांत, ईशान्येकडून. कोल्लैत तेव्हा घोट्याएवढं पाणी दिवसेंदिवस उभं असतं, माती काळी, चिकट, गाळाची. मका अशा पाण्यात आठवडाभर टिकत नाही, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. लिली मूळची दलदलीच्या काठची. तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलं की ती खुशीत येते. दोघंही मेक्सिकोच्या बाजूचे, पण एक तिथल्या डोंगरउताराचा आणि दुसरी ओल्या किनारपट्टीची. कावेरीच्या गाळात दोघांना शेजारी लावलं की निकाल मातीच देते.

मका शेवटी वाळला. पिशव्या सोडल्या, कणसं सोलली, आणि खरंच सांगते, आतून जे निघालं ते फोटोत होतं तसंच होतं. चौकात ताट भरून ठेवलं तेव्हा गल्लीतल्या बायका बघून गेल्या. एकीनं दाणा दातांखाली धरून खरा आहे का पाहिला. दाणा कठीण असतो, कणीस भाजून खाता येत नाही; पीठ करायचं नाहीतर लाह्या. मामींनी पितळी कढईत वाळू तापवून मूठभर टाकले. जांभळे, निळे, गुलाबी, मधाळ, सगळे एकेक करून फुटले आणि सगळ्यांच्या लाह्या पांढऱ्या झाल्या. रंग फक्त वरच्या थरांपुरता. मामींनी लाही तोंडात टाकली, मीठ पाहिजे म्हणाल्या, आणि राहिलेली कणसं दोरीत ओवून देवघराच्या दारावर टांगली. खायला पिकवून मूठभर बांधायचं, हा त्यांचा नियम मोडला गेला नाही.

आता कोणी विचारलं तर माझा निकाल असा. जागा मुबलक असेल, पाणी साचत नसेल, जवळपास दुसरा मका तुऱ्यावर येणार नसेल आणि पोपटांशी वैर घ्यायची तयारी असेल, तर शोभेचा मका लावा. चौकोनात, किमान वीस-पंचवीस झाडं, आणि घरात लग्नाच्या पिशव्या किती साठल्या आहेत ते आधी मोजा. दोन कुंड्यांत तो लावू नका. परसात एकच कोपरा उरला असेल, तोही ओला आणि दुर्लक्षित, तर तिथं लिलीचा कांदा टाका आणि विसरून जा. फक्त घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर असेल तर त्यांच्यापासून दूर टाका. बी विकत घ्यावं लागतं, कांदा मागून मिळतो. धुण्याच्या दगडापाशी आमच्याकडे गठ्ठा फार झाला आहे. कुंभकोणमला देवदर्शनाला येणाऱ्यांनी येताना पिशवी आणावी, पिवळी असली तरी चालेल.